आईच्या हक्काची पट्टी

मरियामातेचा हेवा करणारी बाई कुणी पाहिली आहे का? लोक तिच्यापुढे मेणबत्त्या लावतात, गुडघे टेकतात, परीक्षेच्या आदल्या दिवशी गयावया करतात. पण तिचं बरं चाललेलं बघून कुणाच्या पोटात दुखलं, असं ऐकिवात नाही. थोरलीच्या दुखायचं. आणि दर शनिवारी त्याच मूर्तीची झाडपूस तिच्याच गळ्यात पडायची.

थोरली शिवणकाम करायची. चर्चच्या मागच्या गल्लीत, तळमजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीला लागून पायाचं मशीन. गल्लीतल्या निम्म्या लोकांचे कपडे तिनं आत घेतलेले, उरलेल्या निम्म्यांचे ढिले केलेले, त्यामुळे कोण वाळलं आणि कोण सुटलं हे डॉक्टरच्या आधी तिला कळायचं. चर्चचं कापडही सगळं तिच्याकडे. वेदीवरच्या चादरी, फादरांचे झगे, हात पुसायचे रुमाल, आणि मूर्तीचा निळा झगा. मूर्ती लाकडाची, गालांवर इतक्या वेळा रंग चढलेला की मरियामाता नुकतीच उन्हातून आल्यासारखी दिसायची. शिडीवर चढून, तोंडात टाचण्या धरून थोरली झगा नीट करायची आणि करता करता मूर्तीला टोमणे मारायची.

"तुझं काय बाई, तुझं सगळं सरळ. पोटही तुझं, दूधही तुझं, पोरगंही तुझं. मध्ये कुणी वाटेकरी नाही."

टाचण्यांमुळे शब्द अर्धेच बाहेर पडायचे. खाली झाडू मारणाऱ्या म्हाताऱ्याला वाटायचं, बाई जपमाळ म्हणतेय. तो गावभर सांगायचा, भक्ती असावी तर अशी.

थोरलीची वाटेकरीण म्हणजे धाकटी, तिची सख्खी जाऊ. थोरलीची मुलगी जन्मली, काही आठवडे जगली आणि गेली. घरात पाळणा होता, दुपटी होती, आणि दूध तर आटायचं नाव घेईना. तेवढ्यात पलीकडच्या गल्लीत धाकटीला मुलगा झाला आणि लागलीच तिनं अंथरूण धरलं. छातीचा आजार निघाला. डॉक्टरांनी तिला गावाबाहेरच्या इस्पितळात हलवलं आणि बजावलं, बाळाला हिच्या जवळपाससुद्धा फिरकू देऊ नका. धाकटा दीर बाळाला टॉवेलात गुंडाळून थोरलीच्या दारात आला आणि तिथंच उभा राहिला. थोरलीनं हात पुढे केले.

पोर इतकं किरकोळ होतं की त्याचं नाव बारक्या पडलं. पुढे तो दाराच्या चौकटीवर डोकं आपटण्याइतका उंच झाला, तरी घरात तो बारक्याच राहिला. मशीनच्या खडखडाटात तो गाढ झोपायचा आणि मशीन थांबलं की भोकाड पसरायचा. 'आई' हा शब्द तो पहिल्यांदा बोलला तो थोरलीकडे बघून. त्या दिवशी थोरलीनं गिऱ्हाइकाच्या कोटाला उलटी बाही लावली आणि तिला ते संध्याकाळपर्यंत कळलं नाही.

बारक्या धावायला लागला तेव्हा धाकटी बरी होऊन परत आली. हाडं वर आलेली, केस बारीक कापलेले, हातात खाऊचा पुडा. तिला बघताच बारक्या मशीनमागे, थोरलीच्या पायांशी जाऊन लपला. दुसरी कुणी असती तर उठली असती, पोराला पुढे करून म्हणाली असती, बघ, तुझी आई आली. थोरली उठली नाही. तिला म्हणे एक शिवण पुरी करायची होती. ती मशीन चालवत राहिली. कापड केव्हाच संपलं होतं आणि सुई नुसतीच वरखाली होत होती. धाकटी पुडा हातात धरून दारात उभी होती. शेवटी दिरानंच वाकून पोराला ओढून काढलं.

जाताना बारक्यानं गल्ली डोक्यावर घेतली. पुढे काही दिवस रोज रडला, मग रडायचा थांबला. तो रडत होता तोवर थोरलीला आतून गोडच वाटत होतं, खोटं कशाला बोला. तो थांबला, ते मात्र तिच्या जिव्हारी लागलं. धाकटीनं त्याला शिकवलं, हिला 'मोठी आई' म्हणायचं. तो शहाण्यासारखा म्हणू लागला. दारात येऊन "मोठी आई, बटण तुटलं" म्हणायचा, बटण लावून झालं की पळायचा, आणि पळत जायचा तो त्या दुसऱ्या घरी.

तेव्हापासून थोरलीचा जळफळाट सुरू झाला तो थांबलाच नाही. धाकटीनं लेकाला स्वेटर विणला, तर ही बघून म्हणाली, "छान झालाय. एक बाही लांब ठेवलीस ते बरं केलंस, वाढतं अंग आहे." धाकटीनं त्याचे केस कापले, तर ही म्हणाली, "काही हरकत नाही, येतील परत." धाकटी गप्प बसायची. तिच्या त्या गप्प बसण्याचाही थोरलीला राग यायचा. भांडली असती तर निदान बरोबरी तरी झाली असती.

बारक्या शाळेत असतानाच दीर वारला. धाकटीनं कारखान्याच्या कँटीनमध्ये काम धरलं. सकाळपासून मोठ्या कढईपुढे उभं राहायचं आणि तळत राहायचं. संध्याकाळी ती गल्लीत वळली की तळणीचा वास तिच्या दोन पावलं पुढे चालायचा. तो तिच्या केसांत होता, नखांत होता, पैसे ठेवायच्या पाकिटातसुद्धा होता. त्या कढईवर तिनं घर चालवलं आणि पोराला शिकवलं. थोरली मात्र ती घरी डोकावली की उठून खिडकी उघडायची. "उकडतंय नाही?" म्हणायची, भर थंडीत.

मग बारक्यानं धर्मगुरू व्हायचं ठरवलं. बातमी द्यायला तो आधी आपल्या घरी गेला आणि मग थोरलीकडे आला. ती बातमीनं हरखली आणि त्या क्रमानं हिरमुसली.

तो सेमिनरीत, धर्मगुरूंच्या शाळेत, गेल्यावर थोरलीनं चर्चमध्ये नीट कान देऊन ऐकायला सुरुवात केली. आता हे सगळं आपल्या घरचं, असं तिला वाटू लागलं होतं. आणि ऐकता ऐकता मरियामातेचा हेवा आणखी वाढला. एका रविवारी फादरांनी बायबलच्या शुभवर्तमानातला तो प्रसंग सांगितला, गर्दीतून एक बाई येशूला ओरडून म्हणते तो: ज्या पोटी तू जन्मलास ते पोट धन्य, आणि जे स्तन तू प्यालास ते धन्य. थोरली बाकावर ताडकन सरळ बसली. तिथं दोन्ही एकाच बाईचं होतं म्हणून एका दमात बोलून मोकळी झाली ती. आमच्या घरी येऊन ओरडली असती तर पहिला अर्धा कुणाकडे बघून म्हणाली असती आणि दुसरा कुणाकडे? शेजारी धाकटी बसली होती. तिच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. येशूनं त्या बाईला दिलेलं उत्तर, की देवाचं ऐकून तसं वागणारेच खरे धन्य, ते थोरलीपर्यंत पोचलंच नाही. ती अजून पहिल्या वाक्यातच अडकली होती.

सुट्टीत बारक्या घरी आला की दोघींना एकत्र जेवायला बसवायचा. अशाच एका दुपारी तो क्रूसाजवळचा प्रसंग सांगत होता. येशू वरून आईला म्हणतो, हा तुझा मुलगा; आणि शेजारी उभ्या असलेल्या शिष्याला म्हणतो, ही तुझी आई. त्या घडीपासून शिष्यानं तिला आपल्या घरी नेलं. थोरलीला हे फार आवडलं. पोटचा नसलेला मुलगा चक्क देवानं दिला, तोही चारचौघांत! तिनं धाकटीकडे एक कटाक्ष टाकलाच.

बारक्या म्हणाला, "पण गंमत काय आहे, तो शिष्य म्हणजे जब्दीचा मुलगा योहान, असं परंपरा मानते. आणि दुसऱ्या शुभवर्तमानात लिहिलंय की जब्दीच्या मुलांची आईही तिथंच होती. दुरून बघत होती."

धाकटीनं हातातला चमचा खाली ठेवला. "म्हणजे त्याची खरी आई?"

"हो."

"तिच्यादेखत त्याला दुसरी आई दिली?"

"तसंच म्हणायचं."

"मग तिनं काय केलं?"

"ते कुठं लिहिलेलं नाही, आई."

"हं," धाकटी म्हणाली, आणि ताटल्या गोळा करून आत गेली. ती त्या दुपारी बराच वेळ भांडी घासत होती. थोरलीला वाटलं, जिरली.

दीक्षेचा दिवस ठरला तशी धाकटी एका संध्याकाळी थोरलीकडे आली. थोरलीनं सवयीनं खिडकी उघडली.

"जाऊबाई, ती पट्टी तुम्हीच शिवा. मला सुई धरता येते का कधी!"

या पट्टीबद्दल सांगायला हवं. नवा धर्मगुरू होतो तेव्हा बिशप त्याच्या तळहातांना पवित्र तेल लावतात. ऑलिव्हच्या तेलात सुगंधी राळ घातलेली असते, वास असा की दिवसभर खोलीत राहावा. मग ते हात एका शुभ्र तागाच्या, म्हणजे लिननच्या, पट्टीनं बांधतात. पुढे तेल पुसलेली ती पट्टी आईला द्यायची, अशी जुनी रीत. आई ती जन्मभर जपून ठेवते, आणि ती गेली की शवपेटीत तिच्या हातांना तीच पट्टी बांधतात. जुन्या बाया सांगतात, स्वर्गाच्या दारात मरियामाता स्वतः पुढे येते आणि हात बघते. पट्टी दिसली की म्हणते, ही आमच्यातली, आणि आपल्या शेजारी बसवते. फादर म्हणतात, असं शास्त्रात कुठंही नाही. बाया म्हणतात, शास्त्र लिहिणारे कुठं बाळंत झाले होते?

थोरलीनं चांगल्यातला चांगला ताग आणला. बारक्या माप द्यायला आला, तेव्हा तिनं त्याचे दोन्ही तळहात जोडून त्यांभोवती कापड गुंडाळून पाहिलं. हे हात तिच्या मुठीत मावायचे, आता तिचे दोन्ही हात त्याच्या एका हातात मावले असते. कापडाची घडी घालत तिनं विचारलं.

"मग ही पट्टी पुढे कुणाला देणार?"

"आईला द्यायची असते," बारक्या म्हणाला, आणि हसला.

कुठल्या, हे विचारायचा तिला धीर झाला नाही. पण तो तिच्याकडे बघून हसला होता. आणि जाताना म्हणालाही होता, "तुझ्याच हातची हवी होती मला, मोठी आई." एवढ्या भांडवलावर थोरलीनं मनात सगळा डाव मांडला. तो समजूतदार आहे, त्याला सगळं ठाऊक आहे, जन्म धाकटीनं दिला पण जगवला मी, तो चारचौघांत माझ्याकडे येईल. तिनं पट्टी शिवली ती काय वर्णावी! काठाला जाळीचे टाके, कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढा क्रूस, मागच्या बाजूला गाठ म्हणून दिसायची नाही. आणि स्वतःसाठी नवा पोशाख शिवला. हात पुढे करताना दंड अडकू नये म्हणून बाह्या सैल ठेवल्या.

दीक्षा झाली. दुसऱ्या दिवशी नव्या फादरांची पहिली मिस्सा, म्हणजे त्यांनी स्वतः चालवलेली पहिली उपासना. दोघी जावा पहिल्या बाकावर खेटून बसल्या होत्या. मिस्सा संपल्यावर बारक्या घडी केलेली पट्टी दोन्ही हातांवर घेऊन वेदीच्या पायऱ्या उतरला आणि सरळ पहिल्या बाकाकडे आला. थोरलीचे हात मांडीवरून उठले, चांगले वीतभर उठले.

बारक्यानं पट्टी धाकटीच्या हातात ठेवली आणि तिच्यापुढे गुडघे टेकले.

सगळं चर्च डोळे पुसत होतं. थोरलीनं वर उठलेल्या हातांचं काय करायचं म्हणून केस सारखे केले. बारक्या मग तिच्यासमोरही वाकला, तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं, पण ते तिला लागलंच नाही. समोर मरियामाता तिनं शिवलेला निळा झगा घालून मजेत उभी होती. 'तुझ्यात आणि हिच्यात काही फरक नाही,' थोरली मनात म्हणाली. 'झगे मी शिवायचे, मिरवायचं तुम्ही.'

तरी गोष्ट इथंच थांबली असती. पण बाहेर आल्यावर धाकटीनं ती पट्टी तिच्याच हातात दिली. "जाऊबाई, हिला एक पिशवी शिवून द्या ना. माझ्या पेटीत अशीच ठेवली तर कसर लागेल."

चोराच्या हातात किल्ली द्यावी तसं झालं ते. आपल्या मनात असलं काही आहे, हे थोरलीला तोवर माहीत नव्हतं. घरी येऊन तिनं पट्टी मशीनवर ठेवली. राळेचा वास खोलीभर पसरला. उरलेला ताग कपाटात होता. तिनं तो काढला, कापला, आणि दुसरी पट्टी शिवायला बसली. तेच जाळीचे टाके, तोच क्रूस. आपल्याच हातची नक्कल करायला कसला वेळ लागतो! शिवून झाल्यावर दोन्ही शेजारी ठेवल्या. एकीवर तेलाचे डाग होते, दुसरी कोरी होती. थोरली स्वयंपाकघरात गेली, चुलीजवळची बाटली उचलली, बोटं बुडवली, आणि कोऱ्या पट्टीवर बघून बघून तसेच डाग पाडले. दूध माझं, टाके माझे, मग पट्टीच तेवढी तिची का, एवढंच तिच्या डोक्यात घोळत होतं.

मखमली पिशवीत घालून खोटी पट्टी तिनं धाकटीला नेऊन दिली. धाकटीनं पिशवी उघडली, पट्टी अर्धवट बाहेर काढली, चेहऱ्याजवळ नेली. क्षणभर थांबली.

"छान शिवलीत," ती म्हणाली, आणि पिशवी पेटीत ठेवून दिली.

खरी पट्टी मशीनच्या खणात, बॉबिनच्या डब्याखाली गेली. आता थोरलीनं सुखी व्हायला हरकत नव्हती. पण बाजारात लोक धाकटीला 'फादरांची आई' म्हणून पुढे करायचे, चर्चमध्ये तिला उठून जागा द्यायचे. बिशप आले तेव्हा चहा तिच्याकडे घेतला. पट्टी इकडे आणि मान तिकडे, असा तो उलटा कारभार. खण उघडून वास घ्यावा तर समाधान व्हायचं, खण बंद केला की संपायचं. आणि शनिवारी शिडीवर चढल्यावर मूर्तीकडे बघायची तिला चोरी झाली. ती झगा पाठीकडून नीट करू लागली. झाडूवाला म्हातारा म्हणायचा, बाई हल्ली मौन धरतात, पोचलेल्या आहेत.

काही वर्षांनी धाकटीची छाती पुन्हा बिघडली. या खेपेला डॉक्टरांनी कुठं हलवायचं नावच काढलं नाही. बारक्या दूरच्या चर्चमध्ये नेमलेला. तो निघाला होता, पोचायला वेळ होता. शुश्रूषेला थोरली. तिनं ती मनापासून केली, हे सांगायलाच हवं. सूप पाजलं, पाठ चोळली, अंथरूण बदललं. पण भिंतीवर दीक्षेचा फोटो होता, त्यात बारक्या धाकटीच्या खांद्यावर हात टाकून उभा होता, आणि दर वेळी सूप भरवताना थोरलीची नजर तिथं जायचीच.

"जाऊबाई," धाकटी एका सकाळी म्हणाली, "मी गेले की माझी पट्टी पेटीत आहे."

थोरलीनं चमचा वाटीत ठेवला. ही बाई खोटी पट्टी बांधून स्वर्गाच्या दारात उभी राहणार. मरियामाता हात बघणार, वास घेणार. आणि हे कुणी केलं म्हणून विचारलं तर? त्या दिवशी दुपारी औषध आणते म्हणून ती घरी गेली आणि खरी पट्टी अंगातल्या जाकिटात लपवून परत आली. धाकटीचा डोळा लागला होता. थोरलीनं हळूच पेटी उघडली, पिशवी काढली, खोटी बाहेर ओढली, खरी आत सरकवली.

"आज खरी आणलीत वाटतं?"

थोरलीचा हात पिशवीतच राहिला. धाकटीचे डोळे अजून मिटलेलेच होते.

"वास आला," धाकटी म्हणाली.

"तुला... तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. अहो, माझा जन्म गेला कढईपुढे. तळणीचं तेल मला कळणार नाही होय? तेही वापरलेलं. दुसऱ्यांदा तापवलेलं." ती खोकली, आणि खोकता खोकता हसली. "निदान ताजं तरी घ्यायचंत."

थोरली खुर्चीत बसली. "मग बोलली का नाहीस? एवढी वर्षं?"

"काय बोलायचं? म्हटलं, दूध त्यांचं, घेऊ देत." तिनं डोळे उघडले. "नाही, असं नाही. आता जाताना खोटं कशाला. मला बरं वाटलं, जाऊबाई. तुम्हाला चोरावी लागली, याचं बरं वाटलं. तुम्ही मागितली असतीत ना, तर मी दिली नसती."

"माझा एवढा राग होता तुला?"

"राग नाही. हेवा." हा शब्द तिनं सावकाश उच्चारला. "मी इस्पितळातून आले त्या दिवशी तो तुमच्या पायाशी लपला. तुम्ही मशीन थांबवलं नाहीत. मी दारात उभी राहून बघत होते, सुईखाली कापडसुद्धा नव्हतं. आणि अजून, एवढा मोठा झाला तरी, ताप आला की तो झोपेत कुणाला हाक मारतो, माहीत आहे? मला नाही मारत. मी त्याच्या उशाशी बसून दुसरीच्या नावाची हाक ऐकलीय."

एवढी वर्षं आपण एकटीच जळतोय, असं थोरलीला वाटत होतं.

"ती जब्दीची बायको," धाकटी म्हणाली, "दुरून बघणारी. तिनं काय केलं ते लिहिलेलं नाही म्हणाला ना? मला ठाऊक आहे काय केलं. घरी गेली आणि भांडी घासली." ती दम खाऊन म्हणाली, "वर गेल्यावर मी आधी तिला शोधणार आहे. तुमचं काय, तुम्हाला मरियामाता ओळखेल. दुसरीचा मुलगा तिनंही आपला मानला होता. तुम्ही दोघी एका बाकावर बसा. आम्ही दोघी बसून तुमच्या चहाड्या करू."

थोरलीला रडू फुटलं आणि त्यातच हसूही आलं. तिनं पिशवी धाकटीच्या उशाशी ठेवली. "ही घे. तुझीच आहे. त्यानं तुला दिलीय."

धाकटीनं पिशवी हातानं बाजूला सारली. "ती न्या तुम्ही. मला ती दुसरी बांधा, तळणीची."

"अगं, ती खोटी आहे!"

"तुमच्या हातची आहे, आणि माझ्या कढईतल्यासारखा वास आहे तिला. वर कुणी विचारलं तर सांगेन, याच तेलावर पोराला वाढवलं. बिशपांच्या तेलानं त्याची फी नव्हती भरली."

बारक्या पोचला तेव्हा धाकटीला शुद्ध होती, दोघांचं बोलणं झालं. ते काय झालं हे थोरलीला कळलं नाही, कारण ती बाहेरच्या खोलीत बसली होती, आणि दारावर कान ठेवायचा मोह तिनं पहिल्यांदाच आवरला.

शवपेटी चर्चमध्ये ठेवली होती. बारक्यानं पिशवीतून पट्टी काढली, आईचे हात जोडले आणि बांधायला वाकला. वाकला तो तसाच राहिला. पट्टीत नाक खुपसून तो घटकाभर हलला नाही. गल्लीतले लोक एकमेकांकडे बघू लागले. ज्याच्या हातांना ते पवित्र तेल लागलं होतं त्याला फरक कळणार नाही? आता तो वळणार, आणि सगळ्यांसमोर विचारणार.

तो वळला. धाय मोकलून रडत होता, लहानपणी गल्ली डोक्यावर घेताना रडला होता अगदी तसाच.

"मोठी आई," तो म्हणाला, "बघ ना, हिला आईचा वास लागलाय. कँटीनमधून यायची तेव्हाचा. मी दारात उभा असायचो रोज, या वासाची वाट बघत."

थोरलीनं पुढे होऊन पट्टीची गाठ मारली, कारण त्याच्या हातून ती बसेना. टाका तिचा, ताग तिचा, तेल तिच्या स्वयंपाकघरातलं. आणि वास धाकटीचा. खरी पट्टी तिच्या जाकिटाच्या आतल्या खिशात होती. राळेचा सुगंध तिच्या गळ्याशी येत होता, आणि बारक्या तिच्या इतका जवळ उभा असूनही त्याला तो आला नव्हता.

रोज दारात वाट बघत उभा असायचा तो. पलीकडच्या गल्लीतच, आणि इकडे थोरली खिडकी उघडून तो वास घालवत बसली होती. कधी नव्हे असा हेवा तिच्या छातीत उसळला, अंगाची लाही लाही करणारा. त्या घडीला मरियामातेनं मूर्तीतून खाली उतरून विचारलं असतं, तर तिनं खिशातली खरी पट्टी देऊन ती खोटी मागून घेतली असती. पण बारक्यानं आईच्या हातांवर एकदा कपाळ टेकलं आणि खूण केली, आणि माणसांनी पेटीचं झाकण लावलं.